झिपरीचा सत्कार

“टेंभुर्णपाडा येथील गुरचरणावर आढळून आलेले दक्षिण आफ्रिकी मुळाचे बहुवर्षायू गवत हे ग्रामस्थांच्या राब जाळण्याच्या अशास्त्रीय प्रथेमुळे व अनिर्बंध चराईमुळे फैलावले असून, रस्त्याच्या उतारावरील हिरवळ हा त्याच फैलावाचा भाग आहे. उतार संरक्षणाच्या कामी खात्याने केवळ स्थानिक प्रजातींचे बियाणे वापरले होते. सबब, सदर गुरचरण ग्रामस्थांस बंद करून हरित पट्ट्यासाठी खात्याच्या ताब्यात द्यावे.”

रस्त्याच्या खात्याचे कार्यकारी अभियंता देशमाने यांनी प्रांतांकडे सादर केलेल्या अहवालातला हा परिच्छेद. भाषा निर्दोष, शिक्का ठळक, सही झोकदार. इतक्या थोड्या जागेत इतके असत्य बसवायचे तर हात मुरलेला असावा लागतो, आणि साहेबांचा हात लोणच्यासारखा मुरलेला होता.

आधी राब घेऊ. भाताची रोपे जिथे करायची त्या वाफ्यावर उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, ऐनाच्या डहाळ्या, गवत आणि वर माती असे थर रचून ते सावकाश धुमसू द्यायचे. त्यात तणाचे बी जळते आणि रोपांना राखेचा जोर मिळतो. तेव्हा ज्या क्रियेचा हेतूच बी जाळणे हा आहे, त्या क्रियेने बी पसरले, असा अहवालाचा सिद्धान्त. जुने नैयायिक धुरावरून अग्नीचे अनुमान करीत. साहेबांनी अग्नीवरून गवताचे केले. शास्त्र इतके पुढे गेल्याची वार्ता डोळखांबच्या डोंगरात तोवर पोहोचली नव्हती.

मग चराई. हे गवत गुरे खात नाहीत. कोवळे असताना नाइलाजाने एखादे तोंड मारतात. राठ झाले की बैल ते हुंगतो आणि मालकाकडे अशा नजरेने पाहतो, की शिळी भाकर वाढणाऱ्या सुनेकडे सासऱ्यानेही तसे पाहू नये. ज्या पानाला जनावर शिवत नाही ते जनावराने चरून फैलावले, हा आरोप ऐकून बैलांनी काय म्हणावे हा प्रश्न आहे; सुदैवाने त्यांना अहवालाची प्रत पाठवलेली नव्हती.

आणि मूळ स्थान. पाड्यातला माणूस वीटभट्टीसाठी भिवंडीपर्यंत, नोकरीसाठी ठाण्यापर्यंत आणि नवस फेडायला शिर्डीपर्यंत जाऊन आलेला आहे. दक्षिण आफ्रिकेला कोणाची बैलगाडी गेली आणि परतताना तिच्यात भारा कोणी लादला, याविषयी अहवाल मौन पाळतो. शेवटी उतार. रस्त्याचा उतार वर, गुरचरण खाली. बी खालून वर गेले असे म्हणायचे तर आधी पाण्याला चढायला शिकवले पाहिजे, आणि इथले पाणी अजून जुन्याच वळणाचे आहे.

रविंद्रने हा परिच्छेद समाजमंदिराच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचला, तेव्हा पाड्यातले सर्वांत वयस्कर कोंडूबाबा कानामागे हात धरून ऐकत होते.

“शेवटचं परत वाच रे. बंद करून काय?”

“ताब्यात द्यावं.”

“कोनाच्या?”

“त्यांच्याच, बाबा.”

“गवत वाईट हाय ना? मंग त्यांना कशाला पायजे?”

खऱ्या प्रश्नांना अहवालात रकाना नसतो.

त्या गुरचरणाला पाडा ‘माळ’ म्हणत असे, आणि पाड्याचे सारे गणित त्या माळावर उभे होते. दिवाळी सरली की बाया विळे घेऊन तिथे उतरत, गवत कापून भारे बांधत. काही घरच्या गुरांना, काही मुरबाडच्या वखारीला, जिथे त्याच्या गाठी दाबून मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना होत. माळ गेला तर गुरे विकायची, बैल गेले तर नांगरणीसाठी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहत बसायचे, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत पाऊस थांबत नाही. प्रांत मॅडम घटस्थापनेच्या आधी स्वतः पाड्यात येऊन सुनावणी घेणार होत्या आणि निर्णय जागेवरच देणार होत्या.

रविंद्रचा व्यवसाय स्तुतीचा. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत टेनिस चेंडूच्या स्पर्धांचे समालोचन, हळदीचे सूत्रसंचालन, वाढदिवस, उद्घाटने, सेवानिवृत्त्या, सगळीकडे त्याचाच आवाज. शून्यावर बाद झालेल्या फलंदाजाला तो ‘संयमी’ म्हणत असे, आणि दहा वर्षांत एकदाही गावाकडे न फिरकलेल्या पुढाऱ्याला ‘सदैव स्मरणात राहणारे’. संस्कृतात जिला व्याजस्तुती म्हणतात ती त्याने ग्रंथांत वाचली नव्हती. ती तो मांडवात जगत होता. या धंद्याने त्याला मनुष्यस्वभावाचे एकच, पण पक्के ज्ञान दिले होते: माणूस शिवी गिळतो, नुकसान गिळतो, प्रसंगी सत्यही गिळतो, मात्र आपल्या वाट्याची शाल दुसऱ्याच्या खांद्यावर पडलेली त्याला गिळवत नाही.

गवत आले त्या दिवशीही रविंद्र तिथेच होता, हातात माइक घेऊन. तीन पावसाळ्यांपूर्वी वैशाखऱ्याकडे निघणाऱ्या नव्या रस्त्यासाठी पाड्याच्या डोक्यावरचा डोंगर उभा कापला गेला. कापलेल्या कड्यावर नुसता मुरूम. एका सकाळी टँकर आला आणि त्याच्या पाइपातून डोंगरावर बी कालवलेला हिरवा लगदा उडू लागला. गुणाबाई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन थबकली. गुणाबाई ही रविंद्रची काकी आणि माळावर कापणीला उतरणाऱ्या बायांची म्होरकी. “डोंगराला रंग काढतायत,” ती म्हणाली, “आणि माज्या घरकुलाला चुना नाय.” समारंभात देशमाने साहेबांनी “डोंगराला हिरवा शालू नेसवला” असे भाषण केले, रविंद्रने “वा साहेब” म्हणून टाळ्या मागितल्या, आणि टाळ्या मिळाल्या.

शालू उगवला तेव्हा त्याची झुलपे निघाली. झुबक्याझुबक्यांचे गवत, पाने लांब, तारेसारखी बारीक, टोकाकडून जमिनीकडे झुकलेली, न विंचरलेल्या केसांसारखी. बायांनी त्याचे नाव झिपरी ठेवले. पुढच्या वर्षी झिपरी कड्याखाली उतरली, त्यानंतरच्या वर्षी माळावर. जिथे तिचा झुबका बसला तिथे माळाचे जुने गवत मागे हटले. मग वखारवाल्याने दोन भारे उपसून पाहिले, त्यातली झिपरी चिमटीत धरली आणि म्हणाला, “हे तबेल्यात म्हशीपुढे टाकलं तर म्हैस मलाच शिंगावर घेईल. निवडून आना.”

तेव्हा नम्रता धावली. नम्रता ही रविंद्रची चुलत बहीण, मुरबाडच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारी, आणि घराण्यातली एकमेव व्यक्ती जी भाषणाआधी संदर्भ तपासते. तिने झिपरीचे कणीस भिंगाखाली धरले, पुस्तके उघडली आणि निकाल दिला.

“दक्षिण आफ्रिकेतलं आहे, दादा. बहुवर्षायू. एकदा मूळ धरलं की जाळा, कापा, परत फुटतं. उघड्या मुरमाला असं धरून ठेवतं की जगभरचे अभियंते त्याच्या प्रेमात आहेत. आणि जिथे जिथे ते कुरणात शिरलं, तिथे कुरण संपलं. इंग्रजीत त्याच्या नावात रडणंही आहे आणि प्रेमही.”

“लग्नाळू दिसतंय,” रविंद्र म्हणाला.

नम्रता हसली नाही. तिने तक्रार अर्ज केला: उतारावर आणि माळावर एकच परदेशी गवत आहे, ते उताराच्या कामातून आले, खात्याने ते काढून द्यावे. त्या अर्जाला आलेले उत्तर म्हणजे वरचा अहवाल. दोन्ही ठिकाणी गवत एकच, हे साहेबांना नाकारता येईना. तेव्हा त्यांनी ते मान्य करून दिशा तेवढी फिरवली. चोराने ‘दागिना तुमचाच आहे, पण तुम्हीच माझ्या घरातून नेला होता’ म्हणावे, तशी ही युक्ती. कागदोपत्री ती अभेद्य होती, कारण कागदावर सगळीकडे ‘स्थानिक बियाणे’ असेच लिहिलेले होते.

ओट्यावरच्या बैठकीत नम्रताने लिहून आणलेले उत्तर वाचायला घेतले. त्यात तळटीपा होत्या. दुसऱ्या तळटीपेला कोंडूबाबांचा डोळा लागला.

“थोडक्यात काय,” ती म्हणाली, “आपण सगळं नाकारायचं. ग्रामस्थांनी हे गवत कधी हातातही धरलेलं नाही, असं म्हणायचं.”

“मी धरलाय,” गुणाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती तंबाखूची चिमूट मळत होती, ती मळतच राहिली.

“मीच आनलाय की. दोन उन्हाळे. रस्त्याकडंला एवढं माजलेलं, फुकटचं. गुरं खात नाय तर राबाला तरी होईल म्हनून कापलं, भारे बांधले, डोक्यावर घेतले आनि माळातनं खाली आलो. आमी सगळ्याच. त्याचं बी राईपरीस बारीक. वाटंत सांडलंच असंल.”

नम्रताने वही मिटली. अहवालातल्या सगळ्या असत्यांच्या तळाशी हा एक सत्याचा काटा होता, आणि तो नेमका त्यांच्याच पायात होता. वाफ्यावर पोहोचलेले बी राबात जळले. पण वाफ्यापर्यंतची वाट माळावरून जात होती. डोंगरात गवत वाया जाताना पाहून ज्याच्या हाताला खाज सुटणार नाही असा माणूस या पाड्यात जन्मलेला नव्हता. विळा दिसला की गवत कापायचे आणि गवत कापले की त्याचा उपयोग शोधायचा, ही इथली रीत. झिपरीने त्या रीतीच्या डोक्यावर बसून प्रवास केला होता.

“काकी,” नम्रता हळू म्हणाली, “हे तू मॅडमसमोर बोलू नकोस.”

“का गो?”

“माळ जाईल.”

“माळ वाघोबाचा हाय. त्याचा दगड माळाच्या कडंला बसलाय, सगळं बघतोय. त्याच्या माळाची गोष्ट आनि त्याच्याच समोर खोटं बोलू? मंग वाघ माज्याच कोंबड्या उचलंल.” तिने तंबाखू दाढेत सरकवली. “तुमी बोला खोटं. तुमच्या कोंबड्या नाय.”

यावर वाद झाला, पुष्कळ झाला, आणि गुणाबाई तसूभर हलली नाही. त्या वेळात रविंद्र अहवालाचा कागद पुन्हा वाचत होता. समालोचक मैदानावर उतरण्याआधी दोन्ही संघांची नावे जशी ओठांत घोळवतो, तसे एकच वाक्य तो घोळवत होता: रस्त्याच्या उतारावरील हिरवळ हा त्याच फैलावाचा भाग आहे.

“नम्रता,” तो म्हणाला, “औंदा पलीकडच्या वळनावरचा कडा रस्त्यावर आला. आपल्या डोक्यावरचा का नाय आला?”

“झिपरीमुळे. मुळांनी मुरूम धरून ठेवला. ते मी लिहिलंय, पान—”

“म्हंजे उतार झिपरीनं वाचवला. आनि झिपरी कोनाची?”

“देशमान्यांची.”

“असं तू म्हनतेस. देशमाने काय म्हनतात?”

नम्रताने त्याच्या हातातला अहवाल ओढून घेतला. कोंडूबाबा एव्हाना जागे झाले होते. ते आधी हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले.

“काकीला खरं बोलू दे,” रविंद्र म्हणाला. “पन अर्धं नको, सगळं. साहेबानं लिहिलंय ना, उतारावरची हिरवळ गावानं केली? मंग केली. कबूल. डोंगर गुणाबाईनं वाचवला. तिचा सत्कार करू, साहेबाच्या समोर, मॅडमच्या समोर.”

“हा काय पोरकटपणा आहे, दादा? मी शास्त्र लिहून आणलंय.”

“ते शास्त्र माला दे. एक वाक्य खोटं करनार नाय. फक्त चाल बदलतो.”

“आणि साहेब गप्प बसले तर?”

हा प्रश्न विनोदाचा नव्हता, आणि रविंद्रनेही तो विनोदावर नेला नाही.

“तर काकीची कबुली कागदावर राहील आनि माळ जाईल,” तो म्हणाला. “ती तशीबी कबूल करनारच हाय.”

देशमाने साहेबांचे नाव उताराच्या कामाबद्दल राज्याच्या एका पुरस्कारासाठी गेलेले आहे, ही बातमी तालुक्यात सर्वांना होती. साहेबांनी ती कोणाला सांगू नका असे प्रत्येकाला सांगितले होते.

सुनावणीच्या दिवशी समाजमंदिरात खुर्च्या मांडल्या, टेबलावर चादर टाकली, आणि अक्षयने साउंड लावला. अक्षय हा मांडव, माइक आणि छायाचित्रण या तिन्ही कलांचा पाड्यातला एकमेव उपासक. प्रांत मॅडम आल्या, मागे त्यांचा कारकून, त्यामागे देशमाने साहेब. चष्मा कपाळावर, मोबाइल कानाला आणि कपाळावर माळ ताब्यात आल्यानंतरच्या नियोजनाची आठी.

टेबलावर तबक पाहून मॅडमनी भुवई उंचावली. “हे काय? ही सुनावणी आहे, कार्यक्रम नाही.”

“मॅडम,” कोंडूबाबा हात जोडून म्हणाले, “दारात आलेल्याला नारळ बी न देता भांडायला बसायचं, ही आमची रीत नाय. आधी मान, मंग भांडन.”

या रीतीला महाराष्ट्रात अद्याप कोणत्याही न्यायालयाने स्थगिती दिलेली नाही. मॅडमनी शाल-श्रीफळ स्वीकारले. साहेबांनीही स्वीकारले, अधिक सराईतपणे. नारळ मांडीवर ठेवताना त्यांनी शेंडी कॅमेऱ्याच्या बाजूला वळवली.

“आता मुद्द्याचं,” मॅडम म्हणाल्या. “माझ्यापुढे प्रश्न एकच आहे. हे गवत आणलं कोणी? ज्यानं आणलं, त्यानं ते माळावरून काढून द्यायचं. गावानं आणलं असेल तर गुरचरण अहवालाप्रमाणे बंद होईल. गावानं आणलं नसेल तर बंद करायचा विषयच संपतो.” मग कारकुनाकडे वळून, “जो जे बोलेल ते तसंच लिहा. शब्द बदलू नका.”

रविंद्रने माइक उचलला. हा क्षण त्याने टेनिस चेंडूच्या कित्येक अंतिम सामन्यांत अनुभवला होता. फरक इतकाच, की तिथे हरणाऱ्या संघाला बकरा मिळत असे.

“सन्माननीय व्यासपीठ,” त्याने सुरुवात केली, “सुनावनीत वेळ घालवायची गरजच नाय. अहवालातला आरोप गावाला मान्य हाय.”

देशमाने साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

“मान्य आहे?” मॅडमनी विचारले.

“अक्षरशः मान्य. उलट साहेबांचे आभार, का त्यांनी ही गोष्ट लिहून ठेवली. नायतर गावच्या बाईचं काम कोन लिहितो? तर मंडळी, आजच्या खऱ्या सत्कारमूर्ती, श्रीमती गुणाबाई.” त्याने स्वर अर्ध्या पट्टीने चढवला. “ज्यांनी कापलेल्या डोंगराची लाज राखली. खात्याचं स्थानिक बियानं पहिल्याच पावसात वाहून गेलं, उतार उघडा पडला, आनि तिथं ज्यांच्या हातचं दक्षिण आफ्रिकी, बहुवर्षायू, खोल मुळाचं, मुरूम घट्ट धरून ठेवनारं गवत उभं राहिलं. जगभरचे अभियंते ज्याच्या प्रेमात हाएत, ते गवत ज्यांनी डोक्यावरून वाहिलं. पलीकडचा कडा कोसळला, आपला उभा हाय. कोनामुळे? जोरदार टाळ्या.”

टाळ्या झाल्या. नम्रता मागच्या रांगेत बसून आपल्या तळटीपा पोवाड्याच्या चालीत ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर दुःख व समाधान यांचे भांडण चालू होते.

“बाई,” मॅडम गुणाबाईकडे वळल्या, “हे गवत तुम्ही आणलंत?”

“आनलं. भारे बांधून, डोक्यावरनं.” गुणाबाई उभी राहिली. “वाघोबाची आन.”

कारकुनाची लेखणी चालू होती. ती कबुली कागदावर उतरताना रविंद्रला स्पष्ट दिसत होती, एकेक अक्षर. आता सगळे त्या एका माणसावर होते, ज्याच्या मांडीवर नारळ होता.

साहेब मात्र हुशार होते. ते हसले. “छान. ग्रामस्थांनी प्रांजळपणे मान्य केलं, हे महत्त्वाचं. श्रेय वगैरे काय, शेवटी सगळं सामूहिक असतं.”

“सामूहिक कसं?” मॅडमनी विचारले. त्यांचा आवाज अगदी सपाट होता, आणि त्या सपाटीखाली काय आहे हे रविंद्रला शेवटपर्यंत कळले नाही. “तुमचा अहवाल सांगतो, उतारावरची हिरवळ हा गावच्या गवताचा भाग. तुमचं बियाणं स्थानिक होतं. आज उतारावर स्थानिक गवताची एक काडी तरी आहे का?”

“तशी... वर्गवारी करावी लागेल.”

“मी येताना पाहिलं. नाही. म्हणजे उताराचं काम यशस्वी झालं ते या बाईंमुळे. मग पुरस्कारासाठी तुमचं नाव कसं गेलंय?”

“माझं म्हणजे, तत्त्वतः खात्याचं.”

“ती शिफारस दुरुस्त करून घ्यावी लागेल. मी कळवते वर.” त्यांनी कारकुनाला खूण केली. “यांचं पूर्ण नाव घ्या.”

गुणाबाईने पूर्ण नाव सांगितले, नवऱ्याचे आणि सासऱ्याचेही. देशमाने साहेबांच्या गळ्याची घाटी खालून वर गेली; पाणी नव्हे, पण ती चढली. त्यांनी पेला उचलला, रिकामा केला, आणि तरीही गप्प राहिले. त्या गप्पपणाला दाद द्यायला हवी. आयुष्यभर टिपण्या लिहून माणूस इतका संयम कमावतो. माळ आता हातातून जात होता, आणि रविंद्रकडे एकच चेंडू शिल्लक होता.

“मंडळी,” तो माइकमध्ये अत्यंत मऊ आवाजात म्हणाला, “या माउलीच्या खांद्यावर शाल घालायचा मान कोनाचा? ज्यांच्या अहवालामुळे हे काम उजेडात आलं, त्यांचाच. मी देशमाने साहेबांना विनंती करतो, का त्यांनी आपल्या शुभहस्ते गुणाबाईंचा सत्कार करावा आनि त्यांच्या गवताबद्दल दोन शब्द बोलावेत.”

नाही म्हणायला जागा नव्हती. साहेब उठले. कोंडूबाबांनी शाल त्यांच्या हातात दिली. गुणाबाईने पदर डोक्यावर घेऊन मान पुढे केली. अक्षय कॅमेरा घेऊन पुढे झाला. “साहेब, थोडं वाकून. बाईंच्या पेक्षा खाली. हां, तसंच राहा.”

साहेब तसेच राहिले. शाल हवेत होती. गुणाबाईने खालून वर त्यांच्याकडे पाहिले, आणि घरी सुतक आलेल्या माणसाची समजूत काढावी तशा मायेने म्हणाली,

“साहेब, मनाला लावून घेऊ नका. सगळ्यांना सगळं जमत नाय. तुमचं नाय उगवलं, माजं उगवलं.”

शाल खाली आली ती गुणाबाईच्या खांद्यावर नाही. टेबलावर आली, तबकासकट. साहेबांनी रविंद्रच्या हातातून माइक काढून घेतला. मॅडमनी कारकुनाकडे फक्त एकदा पाहिले, आणि कारकुनाने सांगितल्याप्रमाणे शब्द न बदलता लिहून घेतले:

“कोण गुणाबाई? हिचं उगवलं? त्या मुरमावर इथलं कुसळसुद्धा टिकलं नसतं, म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या जातीचं बी मी शोधलं, मी मागवलं, ठेकेदार घाबरत होता तर कागदावर ‘स्थानिक’ लिहायला मीच सांगितलं, आणि टँकरच्या पाइपाने पहिला फवारा मारला तोही मीच. त्या डोंगरावर आणि खाली माळावर जी काडी न् काडी उभी आहे, ती माझी आहे, मॅडम; या लोकांनी फक्त माझे भारे वाहिले.”